हे रेखाचित्र नक्की कोणाचं? बरोक काळातल्या पूर्वतयारीच्या रेखाटनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या युरोपीय रेखाचित्रांवर, विशेषतः बरोक म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या, मी शिकवतो, बोलतो, त्यामुळे प्रश्न येत राहतात आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकच मुद्दा दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांसाठी मी पुन्हा पुन्हा रोमच्या फार्नेझे राजवाड्यातल्या छताकडे वळलो आहे. तयारीच्या इतक्या टप्प्यांची रेखाचित्रं फार थोड्या कामांची उरली आहेत.

१. पूर्वतयारीचं रेखाचित्र म्हणजे काय? स्केचच ना?

स्केच आपण कशालाही म्हणतो. लोकलमध्ये समोर बसलेला माणूस, वहीच्या कोपऱ्यातली गाय, सगळं स्केचच. पूर्वतयारीच्या रेखाचित्राला मात्र पुढचं काम ठरलेलं असतं. भिंतीवर किंवा कॅनव्हासवर जे उतरायचं आहे, त्यातली एखादी अडचण सोडवायला ते काढलेलं असतं.

इटलीतल्या कार्यशाळांमध्ये याचा क्रम साधारण असा असे. आधी शाईने भराभर काढलेले पहिले विचार, आकृत्या बोटभर उंचीच्या. मग संपूर्ण रचनेचा कागद. मग एकेका आकृतीसाठी मॉडेल उभं करून खडूने केलेला अभ्यास. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो मुख्यतः हाच टप्पा. त्यानंतर लागलीच तर चौकटी आखून आकृती मोठी करायची आणि शेवटी कार्टून. इथे कार्टून म्हणजे व्यंगचित्र नव्हे, भिंतीवरच्या चित्राच्या मापाचा पूर्ण आराखडा. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवायला टोचलेल्या कागदावरून रंगाची पूड फिरवतात, तसंच त्या आराखड्याच्या रेषा टोचून कोळशाची पूड ओल्या गिलाव्यावर उतरवत. नाहीतर टोकदार काडीने रेषा दाबून गिलाव्यात खूण उमटवत.

२. फार्नेझे गॅलरीत एवढं विशेष काय?

बोलोन्याचा आन्नीबाले काराच्ची (१५६०–१६०९) १५९५ मध्ये कार्डिनल ओदोआर्दो फार्नेझेच्या पदरी रोमला आला. आधी त्याने राजवाड्यातली एक छोटी खोली रंगवली. मग १५९७ च्या सुमारास सुमारे २० मीटर लांबीच्या गॅलरीचं कमानदार छत हाती घेतलं. विषय देवादिकांची प्रेमप्रकरणं, आणि मधोमध मद्यदेव बाक्कस आणि त्याची वधू आरियाद्ने यांची मिरवणूक. भोवती खोट्या चौकटी, खोटे दगडी पुतळे, कठड्यावर टेकलेले नग्न तरुण. हे सगळं सपाट रंगातलं, पण खालून पाहणाऱ्याला यातलं काय दगडाचं, काय हाडामांसाचं आणि काय चौकटीत टांगलेलं चित्र, याचा संभ्रम पडावा असं.

हा संभ्रम साधायचा तर प्रत्येक शरीरावर उजेड कुठून पडतो हे आधीच पक्कं हवं. म्हणून त्याने एकेका तरुणाचा काळ्या खडूने अभ्यास केला आणि उजेड पडतो तिथे पांढरा खडू लावला. असे कागद आज पॅरिसच्या लूव्रमध्ये, इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आणि इतरही संग्रहांत आहेत. बेल्लोरीने १६७२ मध्ये लिहिलेल्या चरित्रात म्हटलंय की एवढ्या कामाचे आन्नीबालेला फक्त ५०० सुवर्ण स्कुदी मिळाले आणि तो खचला. १६०५ नंतर त्याच्या हातून फारसं काम झालं नाही. त्याची कबर रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात, चित्रकार राफाएलच्या जवळ आहे.

राजवाड्यात आज फ्रान्सचा दूतावास आहे.

३. छत आन्नीबालेचं, मग त्याची रेखाचित्रंही त्याचीच. वाद कशाला?

कारण तिथे तो एकटा नव्हता. थोरला भाऊ आगोस्तिनो (१५५७–१६०२) मदतीला होता. दोघांचं बिनसलं आणि आगोस्तिनो १६०० च्या सुमारास पार्माला निघून गेला. छतावरची दोन मोठी दृश्यं त्याच्या हातची मानली जातात. त्या दोन्हींची कार्टून्स लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, प्रत्येक जवळपास २ मीटर उंच आणि ४ मीटर लांब. चुलतभाऊ लुदोविको (१५५५–१६१९) बोलोन्यातच राहिला, पण तिघांचं शिक्षण आणि सुरुवातीचं काम एकत्र झालं होतं. शिवाय दोमेनिकिनोसारखे शिष्य हाताशी आले.

गुंता किती बारीक असतो याचा नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. शंख फुंकणारा ट्रायटन, म्हणजे समुद्रातला अर्धमानव. ज्या दृश्यासाठी हा अभ्यास केला ते भिंतीवर आगोस्तिनोचं, त्याचं कार्टूनही आगोस्तिनोच्या नावावर. तरी हा कागद संग्रहालयाने आन्नीबालेच्या नावावर ठेवला आहे. भिंत रंगवणारा आणि आकृतीचा विचार करणारा एकच असेल असं गृहीत धरता येत नाही, हे या एका कागदावरून नीट कळतं.

४. तिघांचे हात वेगळे ओळखायचे कसे?

आगोस्तिनो छापचित्रांसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा नावाजलेला कारागीर होता, आणि ते त्याच्या लेखणीत दिसतं. छायेच्या रेषा समांतर, शिस्तीत, एकमेकींना ठरावीक कोनात छेदणाऱ्या. रेषा गोलाईवरून फिरताना मधे जाड होते आणि टोकाला निमुळती. आन्नीबालेची छाया मोकळी असते. तो बाह्यरेषेवर दोनदा-तीनदा जातो, वजन पडतं तिथे दाबतो, उजेडात येताच रेषा सोडून देतो. लुदोविकोकडे कडा विरघळतात. शरीराच्या प्रमाणापेक्षा प्रसंगाचा भाव त्याला महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे एखादा हात लांबलाही तरी त्याला फिकीर नसते.

हे झालं पुस्तकी वर्णन. १५८० च्या दशकातल्या बोलोन्यातल्या कागदांवर ते पुष्कळदा लागू पडत नाही. बोलोन्याच्या चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या माल्वाझियाने नोंदवलंय की एका राजवाड्यातल्या चित्रपट्टीत कोणतं काम कोणाचं असं लोक विचारत, तेव्हा ते काराच्चींचं आहे, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं, असं उत्तर मिळे. त्यांनी स्वतःच जो भेद मिटवला तो आपण चारशे वर्षांनी दर वेळी पुन्हा काढू शकू असं मला वाटत नाही. जिथे निघतो तिथे काढावा, नाही तिथे 'काराच्ची' एवढंच लिहून थांबावं.

एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्लीने कान, नखं अशा दुर्लक्षित तपशिलांवरून कर्ता ओळखायची पद्धत रूढ केली. तो वैद्यक शिकलेला होता. रेखाचित्रांत ही पद्धत एका मर्यादेपर्यंतच चालते, कारण शिष्य गुरूचा कानही गिरवतो.

५. कागद निळा का? आणि काही ठिकाणी करडा का दिसतो?

निळा कागद व्हेनिसकडून आलेली आवड. तो निळ्या रंगाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून होई, म्हणून जवळून पाहिलं तर त्यात गडद आणि फिके तंतू वेगवेगळे दिसतात. चित्रकाराला त्याचा फायदा असा की मधली छटा आयती मिळते. पांढऱ्या कागदावर उजेड म्हणजे कागद रिकामा सोडणं, निळ्यावर मात्र काळा खडू खाली ओढतो आणि पांढरा वर उचलतो.

उजेडात हा निळा उडतो आणि करडा, कधी मातकट होतो. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड पाहायला मिळाली तर तिथे मूळ निळा सापडतो. म्हणून 'करड्या कागदावर' अशी जुनी नोंद आणि आताची 'निळ्या कागदावर' अशी नोंद एकाच चित्राची असू शकते. दोन वेगळी चित्रं समजू नका.

६. खाली स्पष्ट 'आन्नीबाले' असं लिहिलेलं आहे. आता शंका कसली?

तुकोबांच्या गाथेत 'तुका म्हणे' आलं म्हणून तो अभंग तुकोबांचाच, असं कोणी अभ्यासक मानत नाही. प्रक्षिप्त अभंग असतात हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथेही तेच.

पूर्वतयारीचे कागद ही कार्यशाळेची हत्यारं होती. सुतार करवतीवर सही करत नाही. खालचं नाव बहुतेक वेळा नंतरच्या मालकाने, विक्रेत्याने किंवा वारसाने लिहिलेलं असतं. रोममध्ये पाद्री सेबास्तियानो रेस्ता (१६३५–१७१४) यांनी चित्रांचे अल्बमच्या अल्बम जमवले आणि पानोपानी मोठमोठी नावं घातली. त्यांची नजर उदार होती एवढंच म्हणतो. पण असं लिखाण फेकून द्यायचं नाही. अक्षर कोणाचं हे ओळखता आलं तर कागद केव्हा कुठे होता हे कळतं (प्रश्न १० पाहा). शिवाय मोठ्याऐवजी एखाद्या अप्रसिद्ध माणसाचं नाव लिहिलेलं असेल तर त्याकडे जास्त लक्ष द्यावं, कारण ते उगाच लिहायला कोणाला काही कारण नव्हतं.

७. भिंतीवरच्या चित्राशी तंतोतंत जुळणारं रेखाचित्र सगळ्यात खात्रीचं, बरोबर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर बहुधा उलटं असतं.

आकृती अजून ठरायची आहे तेव्हा काढलेल्या कागदावर ती ठरताना दिसायला हवी. गुडघा आधी वर होता, मग खाली आला. डोकं दोनदा वळवून पाहिलं. समासात तोच पाय पुन्हा, थोड्या वेगळ्या कोनात. बोटं नुसती सूचित केली, कारण प्रश्न खांद्याचा होता. अंतिम चित्राशी असे छोटे फरक असले की मला बरं वाटतं.

सगळं जुळत असेल, चौकटीने आकृती जिथे कापली आहे तिथेच ती कागदावरही कापलेली असेल, शेजारच्या फुलमाळेची सावलीसुद्धा मांडीवर आली असेल, तर ते भिंतीवरून उतरवलेलं असण्याची शक्यता मोठी. फार्नेझे छताच्या बाबतीत तर फारच. १६६६ मध्ये रोममध्ये फ्रेंच अकादमी निघाली आणि शतकानुशतकं विद्यार्थी त्या गॅलरीत बसून नकला करत राहिले. यात फसवणूक नव्हती, तो अभ्यासक्रमच होता. पण त्या नकला पुढे बाजारात आल्या तेव्हा बरोबर 'आन्नीबाले' हे नाव घेऊन आल्या.

अपवाद दोन. कार्टूनच्या आधीचा, सगळं ठरल्यानंतरचा पक्का कागद जुळणारच, आणि त्यावर चौकटी किंवा टोचलेल्या खुणा असण्याचा संभव असतो. नकलेवरही चौकटी आखता येतात, तेव्हा त्या रेषा खडूच्या वरून गेल्यात की खालून हे भिंगाखाली पाहावं. दुसरा अपवाद म्हणजे चित्रकाराने स्वतःच चित्र पूर्ण झाल्यावर नोंद म्हणून केलेलं रेखाचित्र. निसर्गचित्रकार क्लोद लोरेंने १६३५ च्या सुमारापासून आपल्या चित्रांची अशी वही ठेवली, आपल्या नावावर नकली चित्रं खपू नयेत म्हणून. त्यातली सुमारे २०० रेखाचित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती अस्सल त्याचीच, पण पूर्वतयारीची नाहीत.

८. समोर माणूस उभा करून काढलंय की दुसऱ्या चित्रावरून, हे रेषेत कळतं?

बऱ्याचदा कळतं, आणि ज्याने मॉडेलसमोर बसून रेखाटन केलं आहे त्याला लवकर कळतं. कॉलेजात आमच्या वर्गात एक गृहस्थ मॉडेल म्हणून येत. हात वर करून उभं राहायचं असलं की छताच्या हुकाला बांधलेला दोर त्यांच्या हातात असे. वीस मिनिटांनी दोर असूनही कोपर बोटभर खाली येई आणि बरगड्यांचा ताण बदले. माझ्या कागदावर कोपराच्या दोन रेषा उमटत, एक सुरुवातीची आणि एक दमलेली. सर ती पहिली रेषा खोडू देत नसत.

सतराव्या शतकातल्या अभ्यासांत हेच सापडतं. वर केलेल्या मुठीत काठी किंवा दोर असतो, अंतिम चित्रात त्या जागी शंख, मशाल नाहीतर फुलांची माळ येते. टेकायला ठोकळा असतो, चित्रात त्याचा ढग होतो. देवीच्या आकृतीला पुरुषाची पाठ असते, कारण मॉडेल म्हणून कार्यशाळेतला पोऱ्याच उभा राहिलेला असे. दुसऱ्या चित्रावरून उतरवणाऱ्याला यातलं काही लागत नाही. त्याला थेट शंखच दिसतो.

रेषेचा वेगही पाहा. खांद्याची बाह्यरेषा घ्या. शोधणारा हात मानेपासून निघतो, स्नायूच्या फुगवट्यावर दाबतो, उजेडाच्या बाजूला जवळजवळ उचलतो आणि दंडाच्या वळणावर पुन्हा टेकतो. नक्कल करणारा एकाच जोराने, मधे मधे थबकत जातो. थबकलं तिथे खडूचा बारीक ठिपका राहतो. कडेने पडणाऱ्या उजेडात कागद धरला की हे ठिपके दिसतात.

आपल्याकडच्या वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. काराच्चींनी १५८० च्या दशकात बोलोन्यात जी अकादमी चालवली तिथे मॉडेलवरून रोजचा सराव होता. रोम, पॅरिस, लंडन अशा अकादम्यांतून तो शिरस्ता फिरत १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलपर्यंत आला.

९. कॅटलॉगमध्ये 'यांचे', 'यांच्याकडे श्रेय', 'कार्यशाळा', 'वर्तुळ', 'वरून' असं लिहितात. फरक काय?

खात्रीच्या उतरंडीवरच्या या पायऱ्या आहेत. नुसतं नाव असेल तर लिहिणाऱ्याच्या मते तो कागद त्याच कलाकाराचा. 'श्रेय दिलेलं' म्हणजे बहुधा त्याचा, पण थोडी शंका आहे. 'कार्यशाळा' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली, शिष्याच्या किंवा मदतनिसाच्या हातचा. 'वर्तुळ' म्हणजे त्याच काळातला, त्याच्या प्रभावातला, पण कार्यशाळेत होता असा पुरावा नसलेला कोणी. 'अनुयायी' आणि 'शैलीत' म्हणजे आणखी लांबचा, कधी शंभर वर्षांनंतरचाही. 'वरून' म्हणजे सरळ नक्कल.

लिलावाच्या कॅटलॉगात या शब्दांचे अर्थ पुढच्या किंवा मागच्या पानांवर छापलेले असतात. ते पान वाचल्याशिवाय बोली लावू नका.

१०. कडेला छोटे शिक्के असतात ते कसले?

संग्राहकांचे. पूर्वी चित्रांचे शौकीन आपल्या कागदांवर आद्याक्षरांचा बारीक शिक्का मारत. चित्रकार पीटर लेलीचा 'पीएल', टॉमस लॉरेन्सचा 'टीएल'. फ्रिट्स लुग्टने १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोश छापला, १९५६ मध्ये पुरवणी काढली, आणि आता तो सगळा इंटरनेटवर मोफत शोधता येतो.

शिक्क्याने कर्ता सिद्ध होत नाही, प्रवास कळतो. पण प्रवास भक्कम असेल तर त्याला वजन असतं. विंडसरचंच घ्या. दोमेनिकिनो १६४१ मध्ये वारला तेव्हा त्याच्याकडचे कागद शिष्य रास्पांतिनोकडे गेले. तिथून चित्रकार कार्लो माराट्टाकडे, १७०३ मध्ये पोपच्या आल्बानी घराण्याकडे, आणि १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्यासाठी विकत घेतले गेले. त्यांत काराच्चींचे कागदही होते. म्हणजे शिष्याच्या हातून निघालेली साखळी जवळपास अखंड आहे. संग्राहक एव्हरहार्ड याबाखने १६७१ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला ५,५४२ रेखाचित्रं विकली, लूव्रच्या संग्रहाचा तो पाया. तिथे मात्र प्रत्येक कागदाची आधीची गोष्ट वेगळी शोधावी लागते.

११. प्रयोगशाळेत तपासून निकाल का लावत नाहीत?

प्रयोगशाळा 'नाही' फार चांगलं सांगते, 'हो' क्वचितच.

उजेडासमोर धरल्यावर कागदात जाळीच्या उभ्याआडव्या रेषा दिसत नसतील, तो एकसारखा गुळगुळीत असेल, तर तो कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पद्धतीचा. बरोक काळातला नाही, विषय संपला. पांढऱ्या रंगात टिटॅनियम सापडलं तर तो विसाव्या शतकातला हात. पाणचिन्ह जुळलं तर कागदाचा काळ आणि कधी गिरणीही कळते. इन्फ्रारेडमध्ये लोहयुक्त शाई फिकी पडते आणि काळा खडू टिकतो, त्यामुळे शाईखाली लपलेला पहिला विचार वर येतो. मला यातलं हे शेवटचं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यातून कागदाचं वयच नव्हे, कामाची पद्धत दिसते.

पण तोच कागद, तोच खडू, तीच शाई गुरूही वापरत होता आणि शिष्यही. तिथे यंत्र थांबतं आणि प्रश्न ४, ७ आणि ८ मधलं काम सुरू होतं.

१२. नकली रेखाचित्रं करून कोणी मोठ्या संग्रहालयांना फसवलं आहे का?

हो. एरिक हेबॉर्न (१९३४–१९९६) हा इंग्रज चित्रकार जुन्या पुस्तकांतले कोरे कागद वापरायचा आणि शाई स्वतः बनवायचा. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका अभ्यासकाच्या लक्षात आलं की तिथलं एक रेखाचित्र आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातलं दुसऱ्याच कलाकाराच्या नावाचं रेखाचित्र एकाच कागदावर आहेत, आणि दोन्ही एकाच विक्रेत्याकडून आलेली. दोन्ही नावं पंधराव्या शतकातली होती. पण हेबॉर्नने बरोक शैलीतही हात चालवला होता.

लक्षात घ्या, सुगावा रेषेतून लागला नाही, दोन कागद शेजारी ठेवल्यावर लागला.

१३. एकाच कागदावर दोन वेगळे हात असू शकतात का?

असतात, आणि अँटवर्पचा चित्रकार रुबेन्स याच्या बाबतीत वारंवार. तो इटालियन रेखाचित्रं जमवायचा आणि त्यांवर स्वतः काम करायचा: शाईने कड पक्की कर, पांढऱ्या रंगाने उजेड वाढव, फाटलेला कोपरा जोडून हात पुरा कर. अशा वेळी 'कोणाचं?' या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही लिहायला हवीत. कार्यशाळेत गुरूने शिष्याच्या कागदावर दुरुस्ती करणं तर रोजचंच. एखाद्या कागदावर छाया पोरकट आणि मनगट अप्रतिम असं दिसलं की मी आधी हाच विचार करतो.

१४. छायेच्या रेषा उलट्या दिशेने जातात. डावखुरा कलाकार?

आधी उलटा ठसा आहे का ते पाहा. उजव्या हाताने काढलेल्या तिरक्या रेषा बहुतेक वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे उतरतात. खडूच्या चित्रावर ओलसर कागद दाबला की चित्र त्यावर आरशासारखं उमटतं, आणि रेषांची दिशा पालटते. इटालियन चित्रकार ग्वेर्चिनोच्या (१५९१–१६६६) घरी वारशाने राहिलेल्या कागदांबरोबर असे ठसेही आले, आणि विंडसरमध्ये ते मोठ्या संख्येने आहेत. ओळखण्याची खूण म्हणजे सगळं सारखंच फिकट असतं, कागदाच्या दाण्यावर खडू बसलेला नसतो, चपटा झालेला असतो. आणि आकृती डाव्या हाताने तलवार धरते, आशीर्वाद देते.

ठसा फिका वाटला म्हणून वरून खडू फिरवलेलाही सापडतो. मग खालचा ठसा ग्वेर्चिनोचा आणि वरची रेषा दुसऱ्याची, म्हणजे पुन्हा प्रश्न १३.

१५. काराव्हाज्जोची रेखाचित्रं का दाखवत नाही?

कारण आन्नीबालेच्याच काळातल्या या चित्रकाराचं निर्विवादपणे म्हणता येईल असं एकही ज्ञात नाही. कॅनव्हासच्या ओल्या थरावर टोकाने ओढलेल्या खुणा मिळतात, कागद नाही. २०१२ मध्ये मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या, त्याचे गुरू पेतेर्झानो यांच्या संग्रहात त्याची सुमारे १०० रेखाचित्रं सापडल्याचा दावा झाला. बहुतेक तज्ज्ञांनी तो मानला नाही. ज्याच्याशी ताडून पाहायचं असा एकही खात्रीचा कागद हातात नसताना शंभर कागद ओळखायचे कसे? तुलनेला आधार नसेल तर कर्ता ठरवता येत नाही.

१६. नावाने किमतीत खरंच एवढा फरक पडतो?

जानेवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रुबेन्सचा काळ्या खडूतला, हात उंचावलेल्या नग्न तरुणाचा अभ्यास ८२ लाख डॉलरला गेला. अँटवर्पच्या 'क्रूस उभारणी' या चित्राच्या तयारीतला हा कागद डच राजघराण्यातून विक्रीला आला होता. तो सार्वजनिक संग्रहालयाकडे जायला हवा होता म्हणून नेदरलँड्समध्ये बरीच टीका झाली, आणि मला ती पटते. तोच कागद 'अनुयायी' म्हणून आला असता तर या रकमेच्या आसपासही पोचला नसता. एका नावामागे एवढे पैसे असतील तर ते नाव सांगणाऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे हे आधी विचारायला हवं.

१७. आजोबांच्या पेटीत लाल खडूचं जुनं चित्र निघालं. फोटो पाठवू का?

फोटोवरून कर्ता सांगत नाही, आणि कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. घरी एवढं करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील. रेषा खडूसारखी दाणेदार आहे, पण भोवती चौकोनी दाबाची खूण आहे, तर अठराव्या शतकात खडूच्या चित्रांसारखे दिसणारे ठसे पॅरिसमध्ये भरपूर निघत, त्यातलं ते असू शकेल. तेही सुंदर असतात. मग कागद उजेडासमोर धरा (प्रश्न ११).

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पुसू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागदावर तांबूस डाग आणि बुरशी धरते. आम्लरहित पुठ्ठ्यात, भिंतीला न टेकता, थेट उजेडापासून दूर ठेवा. विकायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात असू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, ती युरोपीय असली तरी, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

१८. हे कागद प्रत्यक्ष पाहायला मिळतात का?

मिळतात, आणि लंडन किंवा न्यूयॉर्ककडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तर मी आग्रहच करतो. भिंतीवर ही रेखाचित्रं क्वचितच लावतात, उजेडाने ती खराब होतात म्हणून. पण ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रं आणि रेखाचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून कोणीही जाऊ शकतं, पैसे लागत नाहीत. मेट्रोपॉलिटनलाही अशी सोय आहे. भारतात बसून विंडसर, लूव्र, मेट्रोपॉलिटन यांच्या संकेतस्थळांवर बरेच कागद मोठे करून बघता येतात.

जाताना शिसपेन्सिल न्या, शाईचं पेन आत चालत नाही. एका वेळी एकच नाव मागू नका. आन्नीबाले मागवलात तर आगोस्तिनोही मागवा आणि 'वरून' असं लिहिलेली एखादी नक्कलही. तिन्ही शेजारी ठेवू देतात का ते विचारा. मग नावाच्या पट्ट्या हाताने झाका आणि आधी खांदे पाहा.